शोधण्याची मजुरी

गाडीत ज्यानं नवीन काही बसवलं नाही, त्यानं पैसे मागू नयेत, असं माझं मत होतं. ते मी कधी लपवलं नाही. गॅरेजमध्ये चार लोकांसमोर बोलून दाखवायचो, आणि आमच्या भाजी वाहतुकीच्या धंद्यात आजही बहुतेकांचं तेच मत आहे. मिस्त्रीनं बिल सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय बदललं?" जुना पार्ट पिशवीत घालून हातात दिला की समाधान होतं. पिशवी रिकामी असेल तर बिल जड वाटतं.

आज मी नेमकं उलट म्हणतो. शोधण्याची मजुरी वेगळी ठरवावी, ती आधी ठरवावी, आणि दोष सापडला नाही तरी द्यावी. माझं मत बदललं ते एका डिझेल पिकअपच्या इंधनाच्या बिघाडामुळे, म्हणून तो बिघाड मला तपशिलात सांगावा लागेल.

जुन्या मतालाही कारण होतं, ते आधी सांगतो. बॉशनं १९२७ साली डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, आणि पुढची अनेक दशकं मूळ रचना फारशी बदलली नाही. पंप प्रत्येक नोझलला मोजून डिझेल पाठवणार, दाब पुरेसा झाला की नोझलची स्प्रिंग दबणार आणि फवारा उडणार. त्यात कंप्युटर नाही, वायर जवळजवळ नाही. गाडीनं एअर धरली, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली, तर मिस्त्री नोझलचा नट सैल करायचा, सेल्फ मारायला सांगायचा, फेस येऊन स्वच्छ डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. इंजिन चालू असताना एकेका नोझलचा नट सैल करून कुठलं सिलिंडर मिसिंग करतंय तेही कळायचं. दोष हुडकणं आणि दुरुस्त करणं ही बऱ्याचदा एकाच पान्याची एकच हालचाल होती. मग शोधण्याचे वेगळे पैसे ही गोष्ट कुणाच्या मनात येणार कशी?

पुढे कॉमन रेल आलं. जपानमध्ये १९९५ साली ट्रकमध्ये, युरोपात १९९७ साली कारमध्ये. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले, आणि त्या नियमांत बसायचं तर मालवाहू पिकअपला जुना पंप पुरेना. आता पंपाचं काम एकच, एका जाड पोलादी नळीत दाब तयार ठेवणं. ही नळी म्हणजे रेल. तिच्यातून चारही नोझलना डिझेल मिळतं आणि कुठलं नोझल केव्हा, किती वेळ उघडायचं ते कंप्युटर ठरवतो. इंजिनावर पूर्ण लोड असताना रेलमधला दाब १६०० बारच्या घरात किंवा त्याहून वर जातो. सेल्फ मारताना दीड-दोनशे बार दाब जमल्याशिवाय कंप्युटर नोझल उघडतच नाही. म्हणजे पूर्वी थोडी एअर असली तरी गाडी धडधडत चालू तरी व्हायची, आता ती होतच नाही.

इथं एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती जिवाशी आहे. जुन्या सवयीनं कॉमन रेल गाडीच्या नोझलचा पाईप चालू इंजिनवर कुणी सैल करू नये. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत शिरलेल्या डिझेलमुळे बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं कधी झालं तर दुखायची वाट न पाहता ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आता माझी गाडी. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचे, आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करत पहाटेच्या आत कल्याणच्या मार्केटला लावायचे आणि रिकामे क्रेट घेऊन परत फिरायचं. हंगामात हे रोजचं. जाताना वीस-वीस किलोचे भरलेले क्रेट, येताना नुसतं प्लॅस्टिक.

बिघाड विचित्र होता. भरलेली गाडी बिनतक्रार जायची आणि रिकामी गाडी परतीला माळशेज चढताना दम टाकायची. आधी हलके झटके, मग पिकअप कमी, मग पिवळा दिवा लागून गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या ताकदीवर, जायची, कधी सरळ बंद. बाजूला घेऊन डिझेल ओढायचा हातप्रायमर दाबत बसलं की पुन्हा चालू. कधी कधी सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागे, कधी एका झटक्यात चालू. स्कॅनर लावला की कोड ठरलेला, पी००८७, रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी.

हा कोड खोटं बोलत नाही. पण दाब कमी आहे एवढंच तो सांगतो, कुणामुळे ते सांगत नाही. फिल्टर तुंबला तर दाब कमी. पंपात डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व अडकला तर कमी. एखादं नोझल आतून झिजून जास्त डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, सोडत असेल तर कमी. पंप थकला तरी कमी. रेलचा सेन्सर बिघडला तर दाब ठीक असूनही कमी दिसतो. आणि टाकीकडून डिझेलबरोबर हवा येत असेल तर पंप हवा दाबत बसतो, दाब तयारच होत नाही. एवढे संशयित आणि एकच कोड.

आम्ही एकेक संशयित बदलत गेलो. फिल्टर झाला, मीटरिंग व्हॉल्व झाला, सेन्सर झाला. नोझल काढून पुण्याला टेस्ट बेंचवर पाठवली. कागद आला की चारही मर्यादेत आहेत, तरी वॉशर-सील नवीन घालून बसवली. नेहमीच्या पेट्रोल पंपाच्या डिझेलवर संशय घेतला, दुसरीकडे भरून पाहिलं. दर वेळी ट्रायल घेतली आणि दर वेळी गाडी सुरेख चालली. पिशवीतला जुना पार्ट घेऊन मी घरी यायचो, एखादी फेरी सुखाची जायची, आणि मग पुन्हा परतीच्या घाटात तेच.

हे सगळं ज्या पहिल्या गॅरेजमध्ये चाललं होतं, तिथला पोरगा मला म्हणाला होता, "दादा, मला एक दिवस गाडी ठेवायला द्या. कोड पंपाकडे बोट दाखवतोय, पण ग्राफ पंपाचा वाटत नाही." त्याच्या स्कॅनरवर दोन रेषा होत्या, कंप्युटरनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. थकलेल्या पंपाची रेषा खाली राहते, पण साधारण सरळ जाते. ही दातेरी होती, वर-खाली, वर-खाली. हंगाम चालू होता. मी त्याला म्हणालो, शोधत बसायला वेळ नाही, काय बदलायचं ते सांग.

शेवटी हाय प्रेशर पंपच बदलायची गोष्ट निघाली, आणि तो आकडा ऐकून मी आळेफाट्याकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी अट घातली, "शोधायचे पैसे वेगळे. सापडलं नाही तरी द्यायचे." माझ्या मताप्रमाणे तिथून निघायला हवं होतं. पण पंपाची किंमत डोळ्यांसमोर होती, म्हणून थांबलो.

मग त्यांनी गाडीला हात न लावता विचारायला सुरुवात केली. भरलेली असताना होतं का? चढाला की सपाटीला? गार असताना की गरम? आणि मग,

"शेठ, गाडी बंद पडते तेव्हा डिझेलचा काटा कुठं असतो?"

हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता, आणि मला स्वतःलाही पडला नव्हता. आठवून पाहिलं. निघताना टाकी भरलेली असते. एका फेरीनंतर काटा निम्म्याच्या वर असतो. पुढच्या फेरीच्या परतीला तो निम्म्याच्या खाली गेलेला असतो. बंद पडली ती दर वेळी तेव्हा. आणि दुरुस्ती झाल्यावर ट्रायलला निघताना मी काय करायचो? लांब जायचंय म्हणून पंपावर टाकी फुल. फिल्टर बदलला आणि टाकी फुल. व्हॉल्व बदलला आणि टाकी फुल. गाडी सुधारत होती ती डिझेल भरल्यानं, आणि नाव होत होतं नव्या पार्टचं.

मिस्त्री म्हणाले, "आज घेऊन जा. टाकी खाली करून आणा. दोष बरोबर घेऊन या."

आणली. त्यांनी गाडी गॅरेजसमोरच्या चढावर तोंड वर करून उभी केली. फिल्टरच्या आधी, टाकीकडून येणाऱ्या पाईपमध्ये, हातभर पारदर्शक नळी घातली आणि व्हॅक्यूमचा काटा जोडला. माझ्या गाडीत टाकीत मोटार नाही. हाय प्रेशर पंपाच्या पाठीला एक छोटा गियर पंप असतो, तो टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली असते. तिला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, काही नाही. विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाईप चिरला की मोटार पाणी उचलत नाही आणि बाहेर थेंबही दिसत नाही, तसंच हे. शेतात ही गोष्ट आम्ही उभ्या उभ्या ओळखतो. गाडीत ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

इंजिन चालू केलं. आयडलला नळीत डिझेल स्वच्छ, काचेसारखं. रेस वाढवली आणि बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. रेस सोडली की माळ थांबे. व्हॅक्यूमचा काटा मात्र फारसा चढला नव्हता. मिस्त्री म्हणाले, लाइन तुंबली असती तर हा काटा वर गेला असता, म्हणजे जाळी तुंबलेली नाही आणि पाईप कुठे दबलेला नाही. एवढ्या एका काट्यानं दोन संशयित गळाले. मग त्यांनी टाकीचा पाईप सोडवून तीच नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवली. पुन्हा रेस. एक बुडबुडा नाही. गाडी त्याच चढावर, तोच पंप, तीच नोझल, आणि इंजिनाचा आवाज असा सलग की मला काही बोलायचं सुचेना. दोष कॅनच्या पलीकडे होता, म्हणजे टाकी आणि तिच्यापासून फिल्टरपर्यंतचा पाईप.

चासीवरून येणारा पाईप त्यांनी जोड न् जोड चाचपला, क्लिपा बदलून पाहिल्या. बुडबुडे तसेच. मग बॅटरीचा टर्मिनल काढला, उरलेलं डिझेल कॅनमध्ये उतरवलं आणि टाकी खाली घेतली. टाकीच्या वरच्या तोंडाला एक युनिट असतं, त्यात गेजचा फ्लोट असतो आणि तळापर्यंत गेलेला सक्शनचा पाईप. तो पाईप बाहेर काढून पाहिला तर धडधाकट. मिस्त्रींनी खालची जाळी काढून तिथं अंगठा दाबला, पाईप डिझेलच्या बादलीत बुडवला आणि त्यांच्या मदतनीसानं वरच्या टोकाला पायपंपानं हळूच हवा सोडली. काही नाही. मला वाटलं, इथंही काही नाही. तेवढ्यात मिस्त्रींनी अंगठा न सोडता पाईप जरासा वाकवला, अगदी नकळत म्हणावा इतका, आणि मध्यावर, फ्लोटचा पत्रा जिथे पाईपला वेल्ड केला आहे त्याच्या अगदी कडेनं, बुडबुडे वर आले. सोडला की बंद. वाकवला की पुन्हा. रुमालानं पुसून उजेडात धरला तरी चीर डोळ्यांना दिसत नव्हती, नख फिरवलं तेव्हा कळली.

आता सगळं जागेवर बसलं. टाकीत डिझेल चिरेच्या वर असेल तोवर चिरेतून आत येणार तेही डिझेलच, म्हणून काही बिघडत नाही. पातळी चिरेच्या खाली गेली की हवा आत. चढाला डिझेल टाकीत मागे सरकतं, पाईपापाशी पातळी आणखी उतरते, वर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, हादऱ्यानं चीर उघडते. कमी डिझेलवर रात्रभर उभी राहिली की चिरेतून हवा शिरून लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ लांबतो. भरलेल्या क्रेटचा आणि रिकाम्या क्रेटचा ह्याच्याशी काही संबंधच नव्हता.

पाईप धुऊन, वाळवून ब्रेझिंगवाल्याकडे नेला, पितळ भरून आणला. पुन्हा अंगठा, पुन्हा बादली, पुन्हा वाकवून पाहणं. मग टाकी चढवली. मी सवयीनं पेट्रोल पंपाकडे निघालो तर मिस्त्रींनी अडवलं. "डिझेल टाकू नका. काटा आहे तिथंच ठेवून घाट चढून या, मग मी पैसे घेतो." घाटाखालच्या टोकावड्यापर्यंत उतरून तसाच परत वर आलो. गाडीनं एकदाही झटका दिला नाही. ट्रायल म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी समजलं. जिथं गाडी बंद पडत होती नेमक्या त्याच परिस्थितीत ती चालून दाखवणं. आधीच्या सगळ्या ट्रायल म्हणजे नुसता फेरफटका होता.

बिलात ब्रेझिंगचे किरकोळ पैसे होते, दोन क्लिपा होत्या, आणि बाकी सगळी शोधण्याची मजुरी. पिशवीत घालायला काहीच नव्हतं. आधी चुकून काढून टाकलेले सगळे भाग चांगलेच होते, आणि त्यांच्या जागी नवे घालायला गेलेल्या पैशांपेक्षा ही मजुरी कमी होती. मी ती दिली. देताना घासाघीस करावीशी वाटली नाही, तेव्हा मला जाणवलं की माझं मत गेलेलं आहे.

त्यानंतर मी ह्यावर पुष्कळ विचार केला आणि माझी खात्री वाढतच गेली. आपण पैसे पार्टला देतो, म्हणून गॅरेजमध्ये पार्ट बदलले जातात. मिस्त्री लबाड असतो म्हणून नव्हे. दिवसभर नळीतले बुडबुडे पाहणाऱ्याला आपण चहा पाजतो आणि अर्ध्या तासात व्हॉल्व बदलणाऱ्याला नोटा देतो, मग बुडबुडे कोण पाहील? जुन्या पंपाच्या काळात हे चालून जायचं, कारण शोधणं आणि दुरुस्ती वेगळी नव्हती. कॉमन रेलनं ती वेगळी केली. शोधायला दिवस लागतो आणि दुरुस्ती पितळेच्या एका थेंबाची असते. मजुरी देण्याची आपली रीत मात्र अजून जुन्या पंपाचीच आहे.

ह्याच ओघात माझं दुसरंही एक मत गेलं. नवं डिझेल इंजिन आपल्या भागात दुरुस्त होणारं नाही, त्याला शहरच पाहिजे, असं मी म्हणत असे. पण माझ्या गाडीचा दोष सापडला तो हातभर नळी, एक कॅन, एक बादली आणि एका अंगठ्यानं. हे इंजिन नाजूक आहे, ते खरंच. आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते, डिझेलच तिथलं वंगण असतं, आणि बीएस-६ च्या डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमपर्यंत खाली आणल्यापासून त्याचा मुळातला वंगणपणाही घटला, म्हणून कंपन्या त्यात वेगळी द्रव्यं घालतात. पाणी किंवा हवा ह्या पंपाला सोसत नाही. एअर धरलेली गाडी सेल्फ मारमारून चालू करायचा हट्ट केला तर पंप आतून खरवडतो आणि मग खरोखरच तो महागडा पंप लागतो. फिल्टरखालचं पाणी पावसाळ्यात वरचेवर सोडायला हवं. पण ही सगळी काळजी ओतूरला घेता येते, आळेफाट्याला घेता येते.

आमच्यातल्या काहींना मजुरीचं हे पटलेलं नाही. त्यांचा मुद्दा खरा आहे. टोमॅटो थांबत नाही, गाडी एक दिवस उभी राहिली तर तेवढं भाडं बुडतं, आणि वर न सापडलेल्या दोषाचे पैसे द्यायचे? शिवाय शोधल्याचं सोंग करून कुणी पैसे घेणार नाही कशावरून? यावर माझं म्हणणं असं की, मजुरी देताना मिस्त्रीकडून कागद घ्यावा. काय तपासलं, कशानं तपासलं, कोण निर्दोष निघालं. टाकी ते फिल्टर तपासली, हवा नाही; व्हॅक्यूम ठीक; रिटर्न चारही नोझलचा सारखा. असा कागद हातात असेल तर दुसरा मिस्त्री तिथून पुढे सुरू करतो, पुन्हा फिल्टरपासून नाही. दोष न सापडताही त्या कागदाला किंमत आहे. आणि मालकानंही आपल्या बाजूनं लिहून न्यावं, बंद पडली तेव्हा काटा कुठं होता, चढ होता का, इंजिन गरम होतं का, माल होता का. मी हल्ली डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवतो.

त्या पहिल्या गॅरेजमधल्या पोराकडे मी नंतर गेलो. चिरलेल्या पाईपची हकीकत त्याला सांगितली. त्यानं स्कॅनरमध्ये जपून ठेवलेला माझ्या गाडीचा ग्राफ काढला आणि दातेरी रेषेवर बोट ठेवलं. त्यानं मागितलेल्या एका दिवसाची मजुरी मी त्याला देऊ केली. तो नको म्हणाला, काम केलं नाही तर कशाचे, हे माझंच जुनं वाक्य त्याच्या तोंडी होतं. मी त्याला म्हटलं, ग्राफ वाचलास तेव्हाच तू काम केलं होतंस. बऱ्याच वेळानं त्यानं पैसे घेतले. आता त्याच्याकडे तपासणीचा दर वेगळा आहे, अर्ध्या दिवसाचा आणि दिवसाचा, आणि तो गाडी आत घेण्याआधीच सांगतो. कुणी हुज्जत घालत असेल आणि मी तिथं असेन, तर त्याच्या बाजूनं बोलतो.